माशाच्या पोटातला रंग

मासा मिळाला नाही की रविवारी संध्याकाळी मला मार बसायचा. अमेरिकेतल्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत मला एवढंच कळलं, आणि तेच खरं धरून मी पुढचे तीन उन्हाळे काढले.

आम्ही नेपरव्हिल शहराच्या पश्चिमेला, नदीपासून वीस मिनिटांवर राहत होतो. नवरा कारखान्यात लेथ मशीनवर होता. मी त्याला अहो म्हणत असे, इथे लिहिताना तो लिहिते. कारखान्यातल्या गोऱ्या सोबत्यांनी त्याला मासेमारीचा नाद लावला. त्या नदीत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा असतो. पितळेच्या रंगाचा, अंगावर काळपट पट्टे, आणि गळाला लागला की मनगट पिरगाळतो इतका तापट. त्याला खरं गांडूळ लावणं हे लोक कमीपणाचं मानत. मऊ प्लॅस्टिकची अळी लावायची. बोटाएवढी, मागे वळलेली शेपटी, पाण्यात ओढली की वळवळते. रंग नाना तऱ्हेचे. पांढरा, जांभळा, पोपटी, चमकी घातलेला धुरकट, आणि एक मोटर ऑइल नावाचा, सावलीत तपकिरी आणि उन्हात हिरवा. दुकानात भिंतभर पाकिटं लटकत. नवरा त्यांच्यासमोर उभा राहून चिडत जायचा, कारण त्याला ठरवता यायचं नाही. चुकला की दोष माझा. मी गाडीत त्याच्या शेजारी बसलेली असायची, तेवढं पुरे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पण आमचं गाव खाडीकाठचं, मासा कापायला मी सहाव्या वर्षी बसले. इथेही मासा आला की मी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, बरोबर आणलेल्या विळीवर कापायची. एका रविवारी त्याला एकच बास मिळाला. त्याचं पोट फाडलं तर आतड्याची पिशवी टणक लागली. ती चिरली. आत कोळंबीसारखा एक जीव होता, खेकड्यासारख्या नांग्या असलेला, अर्धा विरघळलेला. पाठ मातकट हिरवी, नांग्यांची टोकं केशरी. मी तो तळहातावर घेऊन खिडकीपाशी गेले. मग गॅरेजमधून नवऱ्याची अळ्यांची पाकिटं आणली आणि एकेक शेजारी धरून पाहिलं.

पुढच्या रविवारी मी मोटर ऑइलचं पाकीट पुढे केलं आणि हा लावून बघा म्हटलं. तुला काय कळतं म्हणाला, पण लावला. चार मासे मिळाले. त्या संध्याकाळी त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि मला हात लावला नाही.

मग माझं ते कामच झालं. प्रत्येक माशाचं पोट बघायचं. बारीक चांदीसारखे मासे निघाले की पुढच्या वेळी धुरकट. नांग्या निघाल्या की तपकिरी. एकदा मी घर आवरताना सगळ्या अळ्या स्वच्छ धुतल्या आणि एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात नीट भरल्या. आठवड्याने उघडलं तर पांढऱ्या जांभळ्या झालेल्या, रंग एकमेकांत उतरलेला, आणि डब्याचा तळ मेणासारखा विरघळून त्यांना चिकटलेला. त्याने माझा डावा हात ओट्यावर दाबून धरला आणि गळाच्या रॉडच्या मुठीने मारलं. करंगळी अजून वाकडी आहे. त्यानंतर मी माझा स्टीलचा मसाल्याचा डबा रिकामा केला. मोहरी, जिरं, हळद काचेच्या बरण्यांत गेली आणि सात वाट्यांत सात रंग बसले.

पकडलेला मासा तो काठावरच्या दगडावर आपटायचा. एका फटक्यात मरत नसे. दुसऱ्या, तिसऱ्या फटक्याला डोळा बाहेर यायचा, कल्ल्यांतून रक्त यायचं, शेपूट तरी हलत राहायचं. मी पाठ करून उभी राहायची. आवाज मोजायची.

आमच्या मराठी मंडळींत एक काकू होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या. माझ्या तोंडावरचे डाग त्यांना दिसत. हिवाळ्यात मी सांगायची, बर्फावरून घसरले. जुलैतही एकदा तेच सांगून बसले. त्या म्हणाल्या, त्याला राग येईल असं वागू नये, बाई, जरा सांभाळून घ्यावं. मी मान हलवली. मनात म्हटलं, सांभाळतेच आहे, पोटं चिरून चिरून सांभाळते आहे.

पाचव्या उन्हाळ्यात चार घरांनी मिळून नदीवर पिकनिक ठरवली. पाणी उतरलेलं, तळाचे गोटे दिसत होते. तो सगळ्यांना दाखवायला म्हणून पांढरी अळी लावून उभा राहिला. तास गेला. पुरुष बिअर पीत चेष्टा करू लागले, की यार, त्यापेक्षा दुकानातून आणला असतास. त्याचे खांदे वर चढताना मला दिसले. तसे चढले की संध्याकाळी काय होतं ते मला ठाऊक होतं. मी डबा घेऊन गेले आणि न बोलता केशरी शेपटीची तपकिरी अळी त्याच्या हातात दिली.

तिसऱ्यांदा गळ टाकला आणि रॉड वाकला. एवढा मोठा बास त्याने कधी धरला नव्हता. दोनदा हवेत उडाला, गळ तोंडातून खेचला जाऊन जबडा फाटला तरी झुंजत होता. बाहेर काढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतला एक जण म्हणाला, "अरे, मासा वहिनींचा. तू नुसता ओढणारा हमाल." सगळे हसले. तोही हसला. त्याचे कान लाल झाले होते.

सुरी गाडीत राहिली आहे, चल, असं म्हणून तो मला पार्किंगकडे घेऊन गेला. गाड्यांच्या मागे गेल्यावर त्याने तो मासा जबड्यात अंगठा घालून धरला आणि माझ्या तोंडावर हाणला. दोनदा. मासा जिवंत होता. पाठीवरच्या काट्यांनी गाल फाटला. "लोकांसमोर शहाणपणा करतेस," तो हळू आवाजात म्हणाला. मग मासा बर्फाच्या पेटीत टाकला, हात पुसले आणि परत गेला. त्याचं हसणं मला तिथपर्यंत ऐकू आलं.

मी खडीवर बसून राहिले. दुखणं नंतर सुरू झालं. आधी एकच गोष्ट डोक्यात आली, की मासा तर मिळाला होता.

काकू कागदी प्लेटा न्यायला गाडीकडे आल्या. माझ्या पदरावर रक्त गळत होतं, खवले चिकटले होते. पडलीस का, त्यांनी विचारलं. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडून तोवर घसरले, पडले यापलीकडे काही निघालं नव्हतं.

"मासा मिळाला तरी मारतात, काकू," मी म्हटलं. "आता कुठला रंग देऊ?"

रंगाचं त्यांना काही कळलं नसावं. बाकीचं कळलं. त्या प्लेटा हातात धरून उभ्या राहिल्या. या वेळी सांभाळून घे म्हणाल्या नाहीत. प्लेटा त्यांनी शेजारच्या गाडीच्या टपावर ठेवल्या, आपल्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "बस." काका मागे राहिले, ते दुसऱ्यांच्या गाडीतून आले. रस्त्यात काकू एकदाच बोलल्या, की त्यांनी मागे जे सांगितलं ते सांगायला नको होतं. मी गालावर रुमाल दाबून बसले होते.

मी काकूंकडेच राहिले. सहा दिवस त्याचा फोन आला नाही. शनिवारी आला. काकूंनी घेतला, बराच वेळ ऐकलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं मला वाचता येईना.

"पावसाने नदी गढूळ झाली आहे म्हणतो. उद्या कुठला लावू विचारतोय."

मला माहीत होतं. पाकीटसुद्धा गॅरेजमध्ये कुठे आहे ते माहीत होतं.

"फोन ठेवा, काकू," मी म्हटलं.

त्यांनी ठेवला.