लाल पानाचा जावई

आमच्या खालच्या मजल्यावर कॅनडाचं कुटुंब राहतं. राहत होतं असंच लिहायला हवं, पण एक माणूस अजून आहे म्हणून राहतं लिहिते. नवरा कॅनडाचा, बायको अमेरिकेची. मुलगी माझ्या नातीच्या वर्गात होती. इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला, गाड्यांचा मोठा कारखाना आहे, तिथे माझा मुलगा आणि तो एकाच खात्यात.

पहिल्यांदा ते वर चहाला आले तेव्हा त्यानं न सांगता दारात बूट काढले आणि भिंतीला लावून नीट ठेवले. बायको आत आली ती बुटांसकटच. मग त्याच्याकडे बघून जीभ चावली आणि मागे फिरली. मला म्हणाली, "माझ्या माहेरी कुणी काढत नाही. हे यानं शिकवलं." तो म्हणाला, "आम्ही अमेरिकन नाही." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की तेवढं इंग्रजी मला पाठ झालं.

तिचं आणि माझं बोलणं जर्मनमध्ये चालायचं. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींना सगळं कळायचं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण भाजीवाल्याशी भांडण्याइतकं जर्मन मला येतं.

त्याच्या पाठीवरच्या पिशवीला लाल पान शिवलेलं होतं. टोपीवर पान, कॉफीच्या कपावर पान. मला आधी वाटलं एखाद्या कंपनीची खूण असेल. मुलगा हसला. "आई, त्यांच्या झेंड्यावरचं पान आहे ते. कुणी अमेरिकन समजू नये म्हणून लावतात."

"समजलं तर काय बिघडतं? मला इथे रोज कुणीतरी भलत्याच देशाची समजतं. मी लावते का बिल्ला?"

मुलानं हे त्याला सांगितलं. तो हसला आणि सॉरी म्हणाला. तो कशालाही सॉरी म्हणायचा. जिन्यात माझा धक्का त्याला लागला तरी सॉरी तोच म्हणायचा. माणूस चांगला होता हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज होईल.

मग तो अमेरिकेचा अध्यक्ष बोलायला लागला की कॅनडा म्हणजे आमचंच एक राज्य होईल, त्यांच्या मालावर जास्तीचा कर लावू. आमच्याकडे टीव्हीवर दिसायचं. मुलगा म्हणाला, असं बोलतातच ते लोक. खाली मात्र तसं नव्हतं. एके दिवशी बायको दोन पिशव्या भरून वर आली. सॉस, शेंगदाण्याचं लोणी, सकाळी दुधात घालून खातात ते पोहे. सगळं अमेरिकेचं. नवऱ्यानं कपाट रिकामं केलं होतं.

"फेकू नको म्हटलं," ती हसत म्हणाली. "आजी खातील."

सून खूश झाली. नात जर्मनमध्ये म्हणाली, "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, आणि शेंगदाण्याचं लोणी घेऊन बसली. आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पण तो सॉस तिच्या माहेरी तिची आई वापरते तोच होता, हे तिनं जाताना दारात सांगितलं. तेव्हा ती हसत नव्हती.

नंतर त्यानं बाल्कनीला झेंडा लावला. झेंड्याच्या दोरीला खाली एक लोखंडी कडी होती. वारा आला की ती कठड्यावर आपटायची. टक, टक. माझी खोली बरोबर वर. तळमजल्यावर एक म्हातारा जर्मन राहतो, माझ्यापेक्षाही म्हातारा. त्यानं वर बघून मला विचारलं, "फुटबॉल आहे का?" इथे घरावर झेंडा फक्त फुटबॉलच्या वेळी लावतात. नाही म्हटलं. तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. त्यानं खिडकी लावून घेतली आणि पडदाही ओढला. भर दुपारी.

आता त्या बायकोचं सांगते. तिचं गाव आणि नवऱ्याचं गाव समोरासमोर, मध्ये एक नदी आणि नदीवर पूल. अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिका. लहानपणी तो पलीकडे आइस्क्रीम खायला जायचा म्हणे. तिची आई पलीकडे एकटी राहते, हृदयाचं दुखणं. त्या वसंतात दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल तर उन्हाळा चुकवू नका. तिनं तिघांची तिकिटं बघायला घेतली.

एके दिवशी माझ्यासोबत घेवड्याच्या शेंगा निवडताना ती म्हणाली, "तो म्हणतो, मी येणार नाही. ते असं बोलताहेत तोवर त्या देशात पाय ठेवणार नाही."

माझे हात थांबले.

"कुणासमोर म्हणाला?"

"माझ्यासमोर. जेवताना."

"आणखी कुणासमोर?"

"कुणी नव्हतं. का?"

मग मी तिला आमच्या मालकांचं सांगितलं. माझंही सासर नदीच्या अलीकडे आणि माहेर पलीकडे. कृष्णेवर पूल, चालत जाण्याचं अंतर. माझ्या भावाच्या लग्नात मानाचा फेटा आधी धाकट्या जावयाला बांधला गेला. चुकून झालं. फेटेवाला नवा होता. पण आमचे हे मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, "या घरचं पाणी पिणार नाही." घरी येऊन म्हणाले असते तर आठवड्यात विसरले असते. मांडवात म्हणाले. दोन गावांनी ऐकलं. मग तो शब्द त्यांचा राहिला नाही. पुढे प्रत्येक दिवाळीला लोक विचारायचे, काय, जाताय का सासरी? आणि ते छाती काढून नाही म्हणायचे. माझे वडील पुलाच्या त्या टोकाला येऊन उभे राहायचे. हे या टोकालाही जायचे नाहीत.

"त्याला चार लोकांत बोलू देऊ नकोस," मी तिला म्हणाले.

ती म्हणाली, "आजी, तो कॅनडाचा आहे. शेवटी सॉरी म्हणेल."

मी पुढची शेंग उचलली. सॉरी म्हणणारा माणूस लहान गोष्टीत म्हणतो.

जुलैच्या पहिल्या तारखेला त्यांच्या देशाचा दिवस असतो. दरवर्षी तो मागच्या अंगणात सगळ्यांना धिरड्यांसारखे गोड जाड पॅनकेक करून घालायचा, वर त्यांच्या त्या लाल पानाच्या झाडाचा पाक. न्युरेम्बर्गकडूनही त्याच्या देशाची चार-पाच घरं यायची. त्या दिवशी कुणीतरी उन्हाळ्याचं विचारणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी तयारी केली. आमच्याकडे जावई रुसला की त्याचा रुसवा काढतात. घरातलं मोठं माणूस पुढे होतं, टोपी घालतं, टॉवेल आणि नारळ देतं, आणि बायकोच्या माहेरचं कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. जावई पाणी पितो. झालं. कुणी कुणाची माफी मागत नाही. सगळ्यांसमोर उतरायला पायरी मिळते. आमच्या ह्यांचा रुसवा काढायला कुणी आलंच नाही, कारण फेटा चुकला हे कबूल करायला लग्नात मानपान बघणारी माझी काकू तयार नव्हती.

सून म्हणाली, "अहो आई, त्यांना कळणार नाही हे."

"तू आहेस ना सांगायला."

नारळ दुकानात मिळाला. टोपी आमच्या ह्यांचीच होती, पांढरी, कडक इस्त्रीची. ती कधी या कामाला वापरायला मिळाली नव्हती.

अंगणात गर्दी बरीच होती. त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त लोक आले होते आणि सगळ्यांनी लाल घातलं होतं. दरवर्षी गाणी लावायचे, मुलं पळायची. त्या दिवशी मोठी माणसं एकाच घोळक्यात उभी राहून बोलत होती. कुणी म्हणत होतं फ्लोरिडाचं घर विकलं, कुणी म्हणत होतं भावाशी बोलणं सोडलं कारण तो म्हणतो कॅनडा अमेरिकेत गेला तर बरंच होईल. सून मला हळू आवाजात सांगत होती. बर्फावरच्या खेळात समोरचा अंगावर आला की कोपर वर करतात म्हणे. अमेरिकेशी आता तसंच वागायचं म्हणून बोलता बोलता ते सगळे कोपर वर करून दाखवत होते आणि हसत होते. त्यांच्या बायकाही. त्याची बायको तव्याजवळ उभी राहून पॅनकेक उलटत होती. त्यांच्यात तिनं एकटीनंच लाल घातलं नव्हतं.

मी पिशवी घेऊन निघाले तोवर एकानं विचारलं. "तुम्ही या वर्षी पलीकडे जाणार का?"

तो म्हणाला, "नाही." मग मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा पाय त्या मातीवर पडणार नाही."

सगळे ओ करून ओरडले. बायकोनं तवा खाली ठेवला.

उशीर झाला होता, पण रुसवा काढतात तो बोलून झाल्यावरच, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढे गेले. त्याला खाली वाकवलं. टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, हातात नारळ दिला. सून म्हणाली, "आई तुम्हाला विनंती करताहेत," आणि पुढचं तिला बोलताच आलं नाही. टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या. कुणीतरी त्यांचं राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळे छातीला हात लावून गायला लागले. तो टोपी घालून, नारळ छातीशी धरून मधोमध उभा. डोळ्यांत पाणी आलेलं. त्याला वाटलं, मी त्याच्या शब्दाचा सत्कार केला.

मी त्याच्या बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं, पाण्याचा ग्लास तू पुढे कर, माहेरचा म्हणून. ती बिचारी गाणं संपेपर्यंत ग्लास धरून उभी राहिली. मग पुढे केला. त्यानं घेतला, वर उचलला, म्हणाला, "कॅनडासाठी!" आणि एका दमात प्यायला.

ती माझ्याकडे बघत होती. मी पिशवीची घडी घातली आणि वर आले. सून मागून आली. "मी सांगितलं होतं तुम्हाला," म्हणाली. सांगितलं होतं.

आठवड्यानं त्याची बायको मुलीला घेऊन आईकडे गेली. त्यानंच बॅगा खाली नेल्या. जिन्यात एक बॅग माझ्या पायाला घासली. "सॉरी," तो म्हणाला. मुलीनं आपले लाल गमबूट न्यायचे नाहीत, परत आल्यावर लागतील म्हणून दाराबाहेर ठेवले. बापाच्या बुटांशेजारी, भिंतीला लावून. हे तिला बापानं शिकवलेलं.

तीन आठवड्यांसाठी गेली होती. आईचं दुखणं लांबलं. मग सुनेला तिचा फोन आला की मुलीला तिथल्याच शाळेत घातलंय, तात्पुरतं. आवाज कसा होता विचारलं तर सून म्हणाली, "चांगला होता. त्याचीच भीती वाटली."

खाली कारखान्यातून येणारा तो आणि दोरीची ती कडी, एवढाच आवाज उरला. झेंडा उन्हानं फिकट झाला होता. लालाचा गुलाबी झाला तरी त्यानं उतरवला नाही. मुलगा म्हणायचा, खात्यात त्याला सगळे विचारतात, टोपीचे फोटो तिकडे त्याच्या गावात फिरलेत, लोक त्याला शाबास म्हणतात. आमची टोपी. त्याच्या दारात लाल पानाच्या टोपीशेजारी खुंटीवर असायची.

पानं गळाल्यावर एका रविवारी तो वर आला. बूट काढले, भिंतीला लावले. दाढी वाढलेली. सुनेनं चहा ठेवला. तो माझ्याशी जर्मनमध्ये बोलला, आम्हा दोघींपेक्षा बऱ्या.

"तुमचा नवरा," तो म्हणाला. "तिनं मला सांगितलं होतं. कधीच गेला नाही का तो पलीकडे?"

"गेले की."

त्यानं मान वर केली.

"माझ्या वडिलांच्या दहाव्याला गेले. तिथे तांब्याभर पाणी प्यायले. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग काय. वडिलांनी बघितलं नाही."

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "माझी सासू अजून आहे."

"मग इथे काय करतोस?"

"मी सगळ्यांसमोर बोललोय, आजी."

"ते सगळे कुठे आहेत आज?"

त्यानं खिडकीकडे बघितलं, जणू अंगणात कुणी असेल. अंगणात म्हातारा जर्मन पाला गोळा करत होता. तो चहा तसाच ठेवून उठला. दारात बूट घालायला वाकला तेव्हा सॉरी म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. बुटाच्या नाड्या न बांधताच खाली गेला.

तो जाईल असं सुनेला वाटतं. माझ्या मुलालाही वाटतं. मी सकाळी कचरा टाकायला उतरते तेव्हा त्याच्या दाराशी बघते. बूट नसले तर गेला समजायचं.

आज सकाळीही होते. शेजारी मुलीचे गमबूट. तिच्या पायाला ते आता बसणार नाहीत.