ब्लॅकमॉसचा जहागीरदार

किनरॉस परगण्याला त्या काळी खासदार मिळायचा तो एकाआड एक. एका पार्लमेंटात किनरॉसचा माणूस बसायचा, पुढच्यात शेजारच्या क्लॅकमननचा. पुढे कायद्याने दोन्ही परगण्यांची एकच मोट बांधली आणि पाळी संपली; पण ही गोष्ट पाळीच्या दिवसांतली आहे. आपली पाळी नसली की किनरॉसचे जमीनदार तळ्यात मासे धरत, खटले लढत आणि एकमेकांच्या घरच्या जेवणाला नावं ठेवत. पाळी जवळ आली की मात्र माणसं मोजायला लागत. मतदार सगळे मिळून एका लांब टेबलाभोवती मावतील इतकेच. मतदार व्हायचं तर मोठ्या जमिनीची मालकी हवी, आणि ती नुसती कागदावर असली तरी चालत असे. म्हणून जमीनदार आपल्या जमिनीचे कागदोपत्री तुकडे पाडून ते भरवशाच्या माणसांच्या नावे करत. त्या माणसांच्या हाती गवताचं पातंही लागत नसे. मत देऊन झालं की कागद मुकाट परत.

बॅलरिगचे मालक त्या खेपेला स्वतः उभे होते, आणि त्यांना एक मत कमी पडत होतं. जावई संपले, मेहुणे संपले, डॉक्टरही वापरून झाला. विचार करता करता त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, तर कोबीच्या वाफ्यात त्यांचा माळी गॅव्हिन फ्लॉकहार्ट वाकलेला.

गॅव्हिन बोलायचा कमी. त्याच्या तोंडून दिवसभरात निघत तेवढे शब्द त्याच्या बायकोच्या, ग्रिझेलच्या तोंडून चूल फुंकता फुंकता निघत. रविवारी तो चर्चच्या दारात दानाचं ताट धरून उभा राही. कुणी ताटात खोटं नाणं टाकलं तर गॅव्हिन काही म्हणत नसे, नुसता बघे. आणि तो माणूस पुढच्या रविवारी खरं नाणं आणून टाकी. मालकांनी या सगळ्यातून एवढंच घेतलं की माणूस बोलत नाही. न बोलणारा माणूस मत देईल आणि कागद परत देईल. अशा रीतीने गॅव्हिन ब्लॅकमॉस नावाच्या दलदलीचा आणि तिच्या काठावरच्या टेकडीचा धनी झाला.

मतदार म्हणून नाव लागल्यावर मत द्यायला वर्षभर थांबावं लागे. त्या वर्षात ग्रिझेलला करमणुकीची वाण पडली नाही. तिकडे ज्याची जी जमीन, त्याच नावाने त्याला हाक मारायची रीत. म्हणून सकाळी ती लापशीचं भांडं आदळून म्हणे, "उठा ब्लॅकमॉस, तुमची रयत ताटकळलीय." रयत म्हणजे मांजर. कोबीचं कालवण खारट झालं की म्हणे, जहागीरदारांच्या घरी मिठाला काय तोटा. गॅव्हिन निमूट जेवे. एकदा मात्र एका दुपारी तो कुणाला न सांगता ब्लॅकमॉस बघून आला. काळं पाणी, त्यावर कापूसगवताची पांढरी बोंडं, लांब कुठेतरी एक पक्षी उगाच शीळ घालतोय. बऱ्याच वेळाने परतला तेव्हा ग्रिझेलने विचारलं, कसं आहे आपलं राज्य? तो बूट काढत म्हणाला, "ओलं आहे."

मतदानाच्या दिवशी किनरॉसच्या कचेरीत विरुद्ध बाजूच्या वकिलाने उठून शपथेची मागणी केली. ही जमीन खरोखर माझी आहे, माझ्याच उपभोगासाठी आहे, मतापुरती माझ्या नावावर चढवलेली नाही, अशी ती शपथ. जावयांनी ती घडाघडा म्हटली. डॉक्टरने आपलंच कडू औषध प्यावं तशी डोळे मिटून उरकली. गॅव्हिनची पाळी आली तसा तो उभा राहिला, आणि हात वर करण्याऐवजी बॅलरिगच्या मालकांकडे वळला.

"मालक, ब्लॅकमॉस माझं आहे ना? मला ठेवायला?"

वकील खुर्चीच्या कडेवर सरकला. मालकांचा चेहरा बीटासारखा झाला. नाही म्हणावं तर निवडणूक गेली, आणि हो म्हणावं तर समोर सगळा परगणा बसलेला.

"तुझंच आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "तुलाच ठेवायला."

गॅव्हिनने हात वर केला आणि शांतपणे, शब्द न शब्द शपथ घेतली. मालक एका मताने निवडून आले.

आठवड्याभरात मालकांचा कारभारी माळ्याच्या घरी कागद घेऊन आला. इथे सही कर, ब्लॅकमॉस मालकांना परत. गॅव्हिन म्हणाला, ते आता व्हायचं नाही. कारभाऱ्याला आधी ही थट्टा वाटली. मग त्याने आवाज चढवून आठवण दिली की हे घर मालकांचं, बाग मालकांची, हातातली कुदळसुद्धा मालकांची. दिवस मावळायच्या आत तिन्हींवरही पाणी सोडावं लागेल.

"सोडतो," गॅव्हिन म्हणाला. "पण सही केली तर देवासमोर घेतलेली शपथ खोटी ठरते. मग रविवारी ताट कुठल्या हाताने धरू?"

ग्रिझेल इतका वेळ पीठ मळत होती. या घरात तिची पाच बाळंतपणं झाली होती. तिने हात पुसले, खुंटीवरची शाल काढली आणि कारभाऱ्यासमोर उभी राहिली.

"घ्या हो घ्या सही," ती म्हणाली. "मी तोवर किनरॉसला जाऊन येते. त्या पलीकडच्या वकीलसाहेबांना विचारते, शपथेवर जमीन आमची होती ती आठवड्यात परत कशी गेली? मत खरं होतं की खोटं? भला माणूस आहे तो, नीट समजावून सांगेल."

कारभाऱ्याने कागदाची घडी घातली. जाताना त्याने, कधी नव्हे ते, टोपी काढून तिला रामराम केला.

घर राहिलं, कुदळही राहिली. मालक मात्र त्या दिवसापासून बागेकडची खिडकी उघडेनासे झाले. मधलं पार्लमेंट क्लॅकमननचं गेलं आणि पुन्हा किनरॉसची पाळी आली. मालक पुन्हा उभे राहिले. माळ्याचं मत त्यांनी गेल्यातच धरलं होतं. विरुद्ध बाजूचा उमेदवार गॅव्हिनच्या दारी स्वतः चालत आला, ग्रिझेलच्या हातची ओटची भाकरी त्याने तोंडभर वाखाणली, आणि पाटीच्या दगडाचं छप्पर असलेलं घर देऊ केलं. गॅव्हिनने ऐकून घेतलं. ग्रिझेलने छपराचा रंगही विचारून घेतला.

कचेरीत नाव पुकारल्यावर गॅव्हिन उठला आणि मोठ्याने म्हणाला, "बॅलरिग."

मालकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सभा उठल्यावर त्यांनी त्याला जिन्यात गाठलं. "गॅव्हिन, मी तुला घराबाहेर काढायला निघालो होतो. मग मला का मत दिलंस?"

"कारभारी काहीबाही बोलला होता, पण ते मी मनावर नाही घेतलं," गॅव्हिन म्हणाला. "मी सगळ्यांसमोर विचारल्यावर तुम्ही खरं तेच सांगितलंत, मालक. परगण्यात तेवढं तरी कोण करतं?"

मालकांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि बराच वेळ ते डबीतच बघत राहिले.