विटेचा जोर

दाजींना संशयाची खोडच होती. दुकानदार हसून बोलला की मापात मारलं, शेजाऱ्याने विचारपूस केली की त्याला काहीतरी हवंय, आणि बायकोने आवडीची भाजी केली की माहेरी जायचा बेत आहे, असा त्यांचा सरळ हिशोब. देवाने यांना दोन डोळे दिले ते दोन्ही वाकडं बघायलाच, असं बायको म्हणायची. तरी एका माणसावर मात्र त्यांचा डोळे मिटून विश्वास होता, आणि तो म्हणजे बायकोचा थोरला भाऊ.

विटांच्या वखारीत हे दोघं मेहुणे जोडीने काम करायचे. मेहुणा ट्रकवर उभा राहून दोन-दोन विटा एकदम खाली टाकायचा, दाजी त्या झेलून थप्पी लावायचे. ‘दाजी’ हे नावही मेहुण्याच्याच तोंडचं, वखारीत सगळ्यांनी उचललेलं. आता झेलायचं म्हणजे वीट नुसती पकडायची नसते. ती हाताला लागली की हात तिच्याबरोबर मागे न्यायचे, आणि पोटाशी आणत आणत तिला थांबवायचं. दाजी हे काम गप्पा मारता मारता करायचे.

मग एकदा मालकाने सांगितलं, विटा उतरवायचं यंत्र येतंय, दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. झालं! दाजींच्या डोक्यात किडा वळवळू लागला. तेव्हापासून त्यांची नजर विटेवर कमी आणि मेहुण्याच्या तोंडावर जास्त. हात आधीच पुढे काढलेले, मारामारीला उभं राहिल्यासारखे ताठ. थोड्याच दिवसांत मनगटं सुजली, घास उचलताना कळ यायला लागली. मेहुणा मुद्दाम जोराने टाकतोय, आपले हात निकामी झाले की जागा त्याला, अशी दाजींनी मनाशी खूणगाठ बांधली.

घरी लेक परीक्षेसाठी मोठमोठ्याने पाठ करत होती. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. दाजींनी कान टवकारले आणि अर्थ विचारला. तिने समजावलं, की धावत्या वस्तूला थांबवणं किती अवघड, हे तिच्या वजनावर आणि वेगावर ठरतं. दाजींनी लगेच मांडणी केली: वीट तीच, वजन तेच, म्हणजे वाढवला तो वेगच. सापडला चोर! लेक म्हणत होती, बाबा, हा अर्धाच धडा झाला, पुढे आवेग आहे, तो ऐका. पण हवं ते हाती लागल्यावर दाजी कसले थांबतात?

दुसऱ्या दिवशी सगळ्या वखारीसमोर त्यांनी तोंड सोडलं. "दादा, माझे हात मोडून जागा घेणार का?"

मेहुण्याने हातातल्या विटा खाली ठेवल्या, ट्रकवरून उतरला आणि मालकाला सांगून काम सोडून गेला. बहिणीकडे येणंही त्याने बंद केलं. बायको दाजींशी कामापुरतं बोलू लागली.

यंत्र येईपर्यंत ट्रकवर नवा माणूस आला. त्याने दाजींना आधी कधी पाहिलंही नव्हतं. तरी मनगटं तश्शीच ठणकायची. दाजी घरी येऊन म्हणाले, याला तुझ्या भावानेच पढवून पाठवलंय.

हे ऐकून लेक उठली, चुलीजवळच्या टोपलीतून अंडं घेतलं आणि समोरून बापाकडे टाकलं. दाजींनी सवयीने हात ताठ केले. अंडं फुटून कोपरापर्यंत ओघळलं.

"आता म्हणा, पोरीनेही डाव साधला," बायको म्हणाली.

लेकीने तिथूनच, तसंच दुसरं टाकलं, पण हात मागे घेत झेलायला सांगितलं. ते अख्खं राहिलं. मग तिने उरलेला धडा सांगितला. अंडं दोन्ही वेळा सारख्याच वेगाने आलं, म्हणून संवेग सारखाच. तो सगळा संपवायचा तर बल गुणिले वेळ, म्हणजे आवेग, तोही तेवढाच लागतो. झटक्यात थांबवलं की वेळ कमी, म्हणून बल जास्त. सावकाश थांबवलं की वेळ जास्त, म्हणून बल कमी.

दाजी हातातल्या अंड्याकडे बघत बसले. हेच तर त्यांचे हात इतकी वर्षं करत आले होते, आणि संशयापायी तेच विसरले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात धुऊन ते तडक मेहुण्याच्या खोलीवर गेले. तो दार धरून उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"दादा, विटा पहिल्यासारख्याच येत होत्या," दाजी म्हणाले. "माझेच हात ताठ होते."

"पहिल्यासारख्या नाही. तुमचे हात ताठ दिसले, तेव्हापासून मी हळू टाकत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? हात सैल सोडा म्हणालो असतो, तर तुम्ही म्हणाला असतात, विटा पडाव्यात आणि माझी नोकरी जावी म्हणून सांगतोय."

दाजी अगदी असंच म्हणाले असते.