तिसरा मॉनिटर

असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. तीन माणसं सहा वर्षं एकाच दुकानाचा माल सायकलवरून वाहत असली, की संध्याकाळच्या चहाला बोलायला दुसरं असतं तरी काय?

आमचं दुकान नारायण पेठेत. मुलाला कॉम्प्युटर घेऊन द्यायचं खूळ नुकतंच घरोघरी शिरलं होतं. मागच्या खोलीत मालक साने साहेब मशीन जोडायचे आणि आम्ही ते गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचो. तेव्हाचे मॉनिटर जुन्या टीव्हीसारखे, एकट्याला जेमतेम उचलवतील एवढे जड, आणि पुढची बाजू सगळी काच! पहिल्याच महिन्यात दोन फुटले. त्यातला एक माझा. साहेबांनी आम्हा तिघांना समोर उभं केलं.

"तिसरा फुटला की सायकली बंद. टेम्पो लावतो. तुम्ही मोकळे!"

आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

*

आमच्यात अनुभवी एकच, दगडूअण्णा. वीस वर्षं सायकलवरून अंडी पोचवलेला माणूस! मॉनिटर दोरीनं नाही, फाडलेल्या जुन्या ट्यूबनं बांधायचा, काच आपल्या पाठीकडे ठेवायची, हे सगळं त्यांचंच. माझा मॉनिटर फुटल्यावर त्यांनी मला शिक्षा दिली. रोज कॅम्पातून दोन डझन अंडी कॅरिअरवर बांधून आणायची. सलग पंधरा दिवस. एक तडकलं तरी परत पहिला दिवस!

तेराव्या दिवशी लक्ष्मी रोडला रिक्षानं कट मारला आणि एक अंडं गेलं. मी गुपचूप कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं घेऊन ठेवलं. अण्णांनी अंडी एकेक करून उजेडात धरली. विसावं बाजूला काढलं.

"हे कॅम्पातलं नाही. उद्या पहिला दिवस."

*

तिसरा आमचा वानखेडे. अमरावतीचा, पुण्यात येऊन चार महिने झालेले. त्याला सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. लिफ्ट नाही. छातीशी मॉनिटर धरून हा वर पोचला, बेल नाकानं दाबली. दाराला साखळी लावूनच एका आजोबांनी बाहेर पाहिलं.

"काय आहे?"

"कॉम्प्युटर आणला जी!"

"कॉम्प्युटर गुरुवारी ठरलाय. आज बुधवार."

दार बंद! जिना अरुंद, आणि मॉनिटरमुळे पायरी दिसत नव्हती. एकेक पायरी पायानं चाचपत तो तीन मजले उतरला. गुरुवारी परत गेला, तेव्हा आजोबांनी साखळी काढली.

"काल आलेले तुम्हीच ना? मग रस्ता विचारत बसला नसाल. पाच मिनिटं उशीर झालाय!"

*

लकडी पुलाच्या अलीकडच्या चौकात एका हवालदारानं अण्णांना थांबवलं. मागे एवढं खोकं, म्हणजे काहीतरी भानगड असणार! माणूस चांगला होता. "तुम्ही पावती काढा, मी धरतो," म्हणत त्यानं हँडल धरलं. अण्णांनी खिशात हात घातला, तेवढ्यात सायकलचं पुढचं चाक उचललं गेलं. सगळं वजन मागे! खोकं खाली कलंडायला लागलं.

"साहेब, हँडल सोडा! खोकं धरा!"

हवालदारानं शिट्टी तोंडातून टाकली आणि खोक्याला मिठी मारली. हात अडकले, त्यामुळे चौकात हात दाखवायला कुणीच नाही. चारी बाजूंची वाहनं थांबली. एक स्कूटरवाल्या बाई म्हणाल्या, "मंत्री येतायत का?"

हवालदार घामाघूम होऊन म्हणाला, "नाही हो. कॉम्प्युटर चाललाय!"

*

मग हिंजवडी आली. तिकडे नुकत्याच कंपन्या यायला लागल्या होत्या. एका नव्या ऑफिसला सहा मॉनिटर हवे होते, एकाच सकाळी. साहेबांनी टेम्पो ठरवलाच. ड्रायव्हर हिंजवडीचाच, शेत कंपन्यांच्या जागेत गेल्यावर त्यानं टेम्पो घेतलेला. साहेब आम्हाला म्हणाले, "उतरवायला तुम्ही मागे बसा. आज सगळं नीट पोचलं, तर पुढेही टेम्पोच." आणि स्वतः स्कूटरवरून पुढे गेले.

वाकड ओलांडलं आणि रस्ता संपून नुसती खडी लागली. खोकी उडायला लागली. अण्णा फतकल मारून बसले, एक मॉनिटर मांडीवर घेतला, दुसरा पायांत धरला. आम्हीही तसंच केलं. तिघांत सहा.

थोड्या वेळानं वानखेडे हळूच म्हणाला, "अण्णा, एक सोडू काय हातातून? टेम्पोत फुटला, तर टेम्पोचं नाव नाही काढत साहेब पुन्हा."

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच चाललं होतं. घरी बायको, लहान मुलगी, आणि मांडीवरचा मॉनिटर पोचला की माझं काम जाणार! मी अण्णांकडे पाहिलं.

"सोड," अण्णा म्हणाले. "मी काही बघत नाही." आणि त्यांनी खरंच डोळे मिटले.

तेवढ्यात मोठा खड्डा आला. "खड्डा!" आम्ही तिघंही ओरडलो. टेम्पो आदळला. वानखेडेनं मांडीवरचा मॉनिटर पोटाशी आवळून घेतला, त्याचं डोकं फळीवर आपटलं, रक्त आलं. हात सुटला नाही.

ऑफिसच्या दारात साहेबांनी सहाही काचा बोट फिरवून तपासल्या. एकीवरही चरा नव्हता. आमचे पाय इतके बधिर झाले होते, की उतरताच येईना. आमच्याकडे न बघता साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "छान आणलंत. उद्यापासून रोज याल?"

ड्रायव्हरनं वानखेडेच्या कपाळाला बांधायला स्वतःच्या गळ्यातला पंचा काढून दिला.

"येतो की. पर ही तिघं मागं बसली तर. मी एकला काच घिऊन न्हाय यायचा!"