पाहुण्याचं पान

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर काचेची टाकी दाखवायला सांगितलीत, तेव्हा आबांनी मागून हाताने नको-नको केलं, म्हणून मी विषय बदलला.

तुम्ही परदेशी जाताना सोपवलेला तो पाण्यातला, पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर ठणठणीत आहे. काळजी आहे ती नव्याची. जुना एकटा पडलाय असं आबांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी बाजारातून दुसरा आणला, जुन्याच्या निम्माच. दुकानदाराने बजावलं होतं, "आबा, आकार सारखा होईपर्यंत मध्ये जाळी ठेवा." मी टाकीत जाळी पक्की बसवली. दोन्हीकडे बर्फाची बाटली सोडली. जळगावच्या उन्हाळ्यात त्याशिवाय हे जीव टिकत नाहीत.

आबांना ती जाळी खुपायची.

"घरी आलेल्याला असं पडद्याआड बसवतात का?"

"अहो, तो सोयरा नाही, सॅलॅमँडर आहे."

"म्हणून काय झालं? शिंदखेड्याला आमच्या घरी..."

पुढचं मला पाठ आहे. पाहुण्याचं पान आधी, घरचे मागून.

मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी जाळी काढली आणि चिमट्यात गांडूळ धरून नव्यापुढे नेलं. "पाहुना शे तो, पहिले त्याले वाढू," असं जुन्याला समजावत होते म्हणे. जुन्याला दिसतं कमी, वास मात्र लगेच लागतो. तो झेपावला, आणि गांडुळाबरोबर नव्याचा पुढचा पायही त्याने तोंडात धरला. आबांची हाक ऐकून मी धावत आले, तेव्हा ते चिमटा घेऊन तसेच उभे होते. पाय उरला नव्हता.

पाय पुन्हा फुटतो, असं दुकानदार सांगतो. मात्र पाणी गार हवं आणि त्याने खाल्लं पाहिजे. तो खातच नाही. आबाही ताटावरून लवकर उठतात. "पोरांना कळवू नकोस," म्हणाले. तरी कळवते आहे, कारण कधीतरी तुम्हाला तो दिसणारच. तेव्हा त्यांना काही बोलू नका.

जाळी परत बसवली आहे. आज सकाळी आबांनी आधी जुन्याला पोटभर भरवलं. मग नव्याच्या बाजूला वाकून चिमटा धरला. "खा रे बाबा, आता कोणी येत नाही."

त्यांचा चहा मी दोनदा गरम केला. पाहुण्याने तोंड उघडलं नाही.