रिकाम्या खुर्चीची हजेरी

"खुर्चीतून उठून बघा, मग बोला," असं हजेरीमास्तर येईल त्याला सांगायचे. नव्याने कामाला लागलेल्या पोरीला सांगायचे, साहेबाला सांगायचे. एकदा तर पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगून झालं. तो बिचारा स्टुलावर उभा. त्याला वाटलं, आपल्याला खाली उतरवतायत.

खरं नाव त्यांचं वेगळं, पण कारखान्यात ते कुणी घेत नसे. कारखाना कॉम्प्युटरचा. पडद्याच्या वरच्या कडेला माणसाची हजेरी घेणारा तिळाएवढा सेन्सर बसवलेला असतो. समोर माणूस आहे तोवर पडदा जागा. माणूस उठून गेला की कॉम्प्युटरने आपणहून कुलूप लावून घ्यायचं, म्हणजे मागून येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या सेन्सरमागच्या चिपच्या पोटात जी आज्ञावली भरतात तिला फर्मवेअर म्हणतात. ती लिहायची आणि तिच्यात कुणी परका शिरणार नाही हे बघायचं, हे मास्तरांचं काम. ते काम नीट झालंय का, हे बघायला दिवसभर खुर्चीतून उठायचं, दूर जायचं, परत यायचं, पुन्हा उठायचं. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना हे काम म्हणजे न संपणारा जिना होता.

त्यात घर लांब. दोन बस बदलून यायचं, दोन बस बदलून जायचं. बायको न्हाणीघरात घसरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून दिवसभर ती एकटी पलंगावर. धाकट्या साहेबांनी शब्द दिला होता, "मास्तर, हा माल एकदा बाहेर पडू दे. तुमच्या घराजवळच्या ऑफिसात जागा आहे, ती तुमची." त्या एका शब्दावर मास्तर वर्षभर चालत होते. दुपारी जेवायला घरी जाता येईल, बायकोला उठवून खिडकीशी बसवता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

माल बाहेर पडायच्या आदल्या दुपारी ते बांधाबांधीच्या खोलीत आले. खोकी छतापर्यंत रचलेली. एक कॉम्प्युटर अजून उघडा होता. सवयीने त्यासमोर बसले, उठले. पडद्याने कुलूप लावलं. छान. पुन्हा बसले, आणि बोटांनी, डोक्याला न विचारताच, एक जुनी आज्ञा टाइप केली. मग पाणी प्यायला गेले. परत आले तर पडदा टक्क जागा. खुर्ची रिकामी, आणि यंत्राच्या लेखी तिच्यात माणूस बसलेला.

मास्तर त्या खुर्चीत बसले.

ती आज्ञा त्यांनीच लिहिली होती. चाचणी करताना टेबलाखाली वाकून वायर बघायला लागे, आणि वाकलं की यंत्राला वाटे, माणूस गेला. दर वेळी कुलूप, दर वेळी पासवर्ड. वैतागून त्यांनी एक ओळ घातली होती : माणूस समोर आहेच असं धर. काम झालं की ती काढायची होती. पण त्याच आठवड्यात बायको पडली, मास्तर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले, आणि ती ओळ चिपच्या पोटातच राहिली. पुढे मास्तरांचं कार्ड आणि साहेबांचं कार्ड एकत्र लावून त्या फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही उमटली. सही असलेलंच तेवढं चिप मानते. आता ज्याला ती ओळ सापडेल, तो कुणाचाही पडदा उघडा ठेवू शकेल.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"कळेल का कुणाला?" तिने विचारलं.

"लगेच नाही."

"मग?"

मास्तर तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"अहो, तुम्ही मला विचारायला आलात की सांगायला?"

"सांगायला."

"मग उगाच विचारल्यासारखं तोंड करू नका. आणि आधी तो दिवा लावा, अंधारात आणखीनच रडवे दिसता." ती हसली, पण भिंतीकडे वळून.

सकाळी धाकट्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "मास्तर, बाहेर कुणाला ठाऊक आहे हे?"

"मला आणि बायकोला."

"म्हणजे कुणालाच नाही. माल जाऊ दे. मागाहून नवं फर्मवेअर पाठवू."

"नवं पाठवलं तरी जुन्यावर आपलीच सही आहे, साहेब. उद्या कुणी जुनं परत भरलं तर चिप मुकाट घेईल. जुन्याला नाही म्हणायला तिला शिकवलं पाहिजे, आणि ते यंत्र इथे हाताशी असतानाच होतं. खोकी फोडावी लागतील."

"सगळी?"

"सगळी."

साहेबांनी माल पाठवायचा कागद बाजूला सारला. कधीकाळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला हा माणूस. मग म्हणाले, "चूक कुणाची, विचारतील वरचे."

"माझी सांगा. माझीच आहे."

"ती जागा मग मला तुम्हाला देता येणार नाही. कळतंय ना?"

"ते कळूनच आलोय."

बांधाबांधीच्या बायकांची मुकादम होती, तिला सगळे आक्का म्हणत. तिने कमरेवर हात ठेवले. "मास्तर, तुमच्या एका ओळीपायी आमच्या हातांची सालटी निघणार!"

"निघतील, आक्का."

"अहो, निदान खोटं तरी बोला, नाही निघणार म्हणून!"

बायका हसल्या, आणि हसता हसताच चिकटपट्ट्या टराटरा फाटू लागल्या. मास्तरांनी ती ओळ काढली, साहेबांबरोबर नवी सही करवली, आणि एकेक यंत्र समोर घेऊन बसले. जुनं फर्मवेअर भरून बघायचं. चिपने नाकारलं की पुढचं. मध्येच साहेबांचा शिपाई सांगून गेला की घराजवळच्या जागेवर दुसऱ्याचं नाव लागलं. मास्तरांनी मान हलवली आणि पुढचं यंत्र ओढलं.

उन्हं कलली तेव्हा निम्मीसुद्धा खोकी झाली नव्हती. बायकोला औषध द्यायची वेळ टळत आलेली. मास्तरांनी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली. "उद्या येतो," ते म्हणाले.

"याल नाहीतर काय, सुटताय थोडेच!" आक्का म्हणाली.

ते फाटकातून बाहेर पडले आणि पहिल्या बसच्या थांब्याकडे निघाले, एक पाय जरा ओढत. पट्टी कापायचं पातं हातात तसंच धरून आक्का दारात उभी होती. वळणावर त्यांची पाठ दिसेनाशी झाली तेव्हाच ती आत वळली, आणि पुढच्या खोक्याची पट्टी कापू लागली.