काकीचं शेवटचं पथ्य

काविळीची काकी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी त्याच्या डोळ्यांतलं पांढरं बघायची. लग्न होऊन मी साखळीहून पेडण्यात आले तेव्हा माप ओलांडायच्या आधीच शेजारची ही उंच, सावळी बाई गर्दीतून पुढे झाली. माझी हनुवटी धरून तिनं डोळ्याची खालची पापणी ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्हकल बरी आसा. रगत मातशां कमी." सासूबाईंनी मान डोलावली. नव्या नवरीची तपासणी झाली होती. मला बैलबाजारात उभं केल्यासारखं वाटलं आणि पुढे कितीतरी महिने मी तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

तिच्या घराण्यात काविळीचं औषध होतं. परसातल्या एका झुडपाचं मूळ. त्याचं नाव मी लिहिणार नाही, नाहीतर वाचणारा उद्या कुदळ घेऊन निघेल. रविवारी आणि बुधवारी सकाळी तिच्या अंगणात माणसं बसलेली असायची. डिचोलीच्या खाणींवरचे ट्रकवाले, हरमलचे मासेवाले, सावंतवाडीकडच्या लेकुरवाळ्या. उपाशीपोटी यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, उंबऱ्यावर एक नारळ ठेवायचा. मग तेल नाही, मासळी नाही, उन्हात जाणं नाही. औषधापेक्षा तिचा भर पथ्यावर. "वखद आपलां काम करता," ती म्हणायची, "माणसान पथ्य पाळूक व्हयां."

ती भाषेच्या भांडणाची वर्षं. मराठी की कोंकणी यावरून आमच्या वाड्यावरच्या दोन घरांनी एकमेकांना विरजण देणं बंद केलं होतं. आंदोलकांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकून बसगाड्या थांबवल्या, त्या रविवारीही काकीच्या अंगणात दोन्ही बाजूंची माणसं एकाच बाकावर पिवळ्या डोळ्यांनी मुकाट बसली होती. "काविळीक भास नाय," काकी म्हणाली. मी मराठी शाळेतली शिक्षिका. मला ते लागलं, पण पटलंही. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

स्वतःच्या दुखण्याकडे बघायची मात्र तिला सवय नव्हती. चतुर्थीच्या नेवऱ्या, लग्नघरचे वडे, असं काही तेलकट-तुपकट पोटात गेलं की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीत खांद्याच्या पात्यापर्यंत जायची. ती पोटाशी उशी धरून भिंतीला टेकायची. "पित्त तां. आगळ घेतलां की बसतलां." आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आमच्याकडे निम्म्या दुखण्यांवर तोच इलाज. एकदा कळ थांबेचना, तेव्हा तिची सून सुलभा आणि मी तिला म्हापशाला घेऊन गेलो. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकलेली बरी, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर काकीनं पातेलंभर कुळीथ भिजत घातले. मुतखड्यावर कुळथाचं पाणी देतात, तेच इथेही चालेल असा तिचा हिशेब. ती ते पाणी नेमानं प्यायली आणि कळ थांबली. "विरगाळले," तिनं जाहीर केलं, आणि खड्यांचा विषय घरातून निघून गेला.

मग गोव्याचं राज्य झालं. शाळेत झेंडा, वाड्यावर पेढे. मी दिलेला पेढा काकीनं कपाळाला लावून जनेलावर, म्हणजे खिडकीत, ठेवून दिला. तिला तुपाचा वास सोसत नव्हता. तिच्या चोळीच्या बाह्या सैल झाल्या होत्या. पूर्वीसारखी कळ येऊन जातही नव्हती, आता बसल्या जागी दिवसभर ठुसठुसायचं. मासळीशिवाय घास न उतरणारी बाई पेजेवर आली. विचारलं तर म्हणायची, "वयान असां जातां." साठीसुद्धा आली नव्हती तिची.

तिचं पिवळेपण तिच्याआधी दुसरीनंच पाहिलं. हरमलची पारू, आमच्या दारावर मासे घेऊन येणारी, औषधाच्या शेवटच्या फेरीला आली होती. मी कुंपणाशी देवाची फुलं काढत होते. काकीनं पारूची पापणी ओढली. डोळे निवळले होते. पण पारू उठेना. ती काकीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काकी, तुजे दोळे." काकीनं उरलेल्यांना औषध दिलं, हात धुतले आणि आत गेली. कितीतरी दिवस ती तळहात आणि तळपाय खाजवत होती. ती आम्ही पावसाळ्यातली खाज समजलो होतो. रोग्यांना ती लघवीत भाताची शितं टाकून बघायला सांगायची. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी शितं टाकली. ती हळदीसारखी झाली.

आणि इथे घोडं अडलं. आपला हात आपल्याला लागत नाही, असा त्या औषधाचा नेम. दुसऱ्याच्या हातून घ्यायचं तर आधी त्याला विद्या द्यायला हवी. ती अमावास्येलाच देता येते, आणि एकदा दिली की देणाऱ्याचा हात रिकामा होतो. मी म्हटलं, "काकी, अमावास्या राहू दे. पणजीला जाऊया."

"काविळीक दोतोर काय करतलो गो?" तिनं मलाच उलट विचारलं.

ती आषाढी अमावास्येपर्यंत थांबली. त्या पहाटे सुलभाला झुडपापाशी घेऊन गेली आणि परत आली ती दोन्ही हात पदराखाली घेऊन. मग सुलभानं सासूला औषध दिलं. मूळ उगाळलं, एका रविवारी, बुधवारी, पुन्हा रविवारी. काकीनं पथ्य असं पाळलं की मिठाचा खडाही जिभेवर ठेवला नाही. डोळे मात्र झेंडूसारखे होत गेले. सुलभा न्हाणीघरात जाऊन रडायची. तिला वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही. हे काकीला सोसवलं नाही. "चल पणजेक," ती एका सकाळी म्हणाली. सुनेच्या हातावरचा बट्टा पुसायलाच ती निघाली होती.

पणजीच्या इस्पितळात रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले. तरुण डॉक्टरनं मला बाजूला बोलावलं, तशी काकी म्हणाली, "माका सांग. आमच्याकडे माणसांक मीच सांगतंय." मग तो कदेल ओढून तिच्यासमोर बसला. पित्ताच्या पिशवीत कॅन्सर झाला होता आणि यकृतात उतरला होता. पित्ताची वाट दाबली गेल्यामुळे पित्त रक्तात मिसळत होतं. म्हणून डोळे पिवळे, म्हणून खाज, म्हणून लघवी काळपट आणि शौच पांढरट. खडे तर विरघळले होते ना, काकीनं विचारलं. खडे जागच्या जागी होते. कुळथानं ते विरघळत नाहीत. खडे असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही, डॉक्टर म्हणाला, पण ज्यांना होतो त्यांच्या पोटात बहुतेक वेळा जुने खडे सापडतात, बायकांत जास्त. आणि तो बराच काळ गप्प राहतो. "कापून काढायची वेळ गेली, मावशी."

काकी म्हणाली, "म्हणजे पाटात फातर आडकललो, नि मी शेतातलां पाणी उपशीत बसलंय."

"तसंच," डॉक्टर म्हणाला. "कावीळ ही नुसती खूण. काहींची आपोआप उतरते, काहींची नाही. कशानं झाली ते आधी बघायला हवं."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. म्हापसा गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "जे परत येवंक नाय, ते बरे जाले असां मी समजलंय." आणि थोड्या वेळानं, "कितके आसतले गो?" ती जाणार याचं दुःख मला होतंच. पण त्या प्रश्नाचं जास्त झालं, आजही होतं.

मी म्हटलं, आता हे औषध बंद करा, येईल त्याला डॉक्टरकडे पाठवा. तिनं मान हलवली. "बंद केलां तर दुसऱ्या दारात जातले. सल्लो कोण आयकना नाय, बाई. पथ्य आयकतत."

पुढच्या रविवारी तिनं स्वतःला ओसरीवर बसवून घेतलं. अंगणातल्या माणसांना सांगितलं की विद्येतली एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. नारळासोबत रक्ताचा तपास आणि पोटाचा फोटो उंबऱ्यावर ठेवल्याशिवाय मूळ उकरायचं नाही. नाहीतर औषध लागत नाही आणि देणाऱ्याचा हातही जातो. तेल खाऊ नका म्हणावं त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. लोक कुरकुरले, पण गेले. काकीच्या वाडवडिलांच्या काळात पोटाचा फोटो कुठे होता, हे एकानंही विचारलं नाही.

शेवटी ती डोळे मिटूनच बोलायची. भेटायला येणाऱ्यांनी पांढऱ्याच्या जागी काय आहे ते बघू नये, म्हणून. खाजेनं तिला झोप नव्हती. सुलभा ओल्या फडक्यानं तिचे तळहात पुसत राहायची. दिवाळीच्या आधी ती गेली.

तेरावा होऊन गेल्यावर एका बुधवारी पारू आली. तिचे डोळे पुन्हा पिवळसर दिसत होते आणि उजव्या कुशीत कळ येत होती. तिनं उंबऱ्यावर नारळ ठेवला, शेजारी मोठं पाकीट ठेवलं. "काकीन सांगल्लां तसां केलंय. आता दी." सुलभानं पाकीट माझ्याकडे दिलं. मी वाचून दाखवलं. पिशवीत खडे, एक खडा पित्ताच्या वाटेत अडकलेला, ऑपरेशन लवकर करावं.

सुलभा उठली. मला वाटलं, कुदळ आणायला गेली. ती आली ती चपला घालून. तिनं उंबऱ्यावरचा नारळ उचलला, पारूच्या ओटीत परत घातला आणि दार ओढून घेतलं. "चल," ती म्हणाली, "पणजेची गाडी मेळतली." काकीच्या घरातून नारळ परत गेलेला वाड्यानं पहिल्यांदाच पाहिला.

पारू अजून दारावर मासे घेऊन येते. ती टोपली उतरवते तेव्हा मी आत काय आहे ते नंतर बघते, तिच्या तोंडाकडेही नंतर बघते.